साहेबांचा चेहरा



घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरतो तेव्हा आजारपण, मुलांच्या परीक्षा, भावाभावांतले जमिनीचे वाद हे विषय निघतातच. पण बऱ्याच घरी आणखी एक दुखणे असते आणि ते चहा संपत आल्यावर बाहेर येते. घरातला कमावता माणूस किंवा कमावती मुलगी हळूच म्हणते, "फादर, ऑफिसात साहेबांना मी नकोच आहे." कोणी म्हणतो, साहेबाने माझ्यावर डूख धरला आहे. कोणी म्हणते, मॅडमच्या डोळ्यांत मी खुपते. मग "प्रार्थना करा" असे सांगून विषय बदलला जातो, कारण शेजारी वडीलधारी माणसे बसलेली असतात. (पापनिवेदनात ऐकलेले येथे काहीही नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.)

हे दुखणे क्षुल्लक नाही. पहाटे उठून विरार लोकलच्या गर्दीत उभे राहायचे, आठ-नऊ तास काम करायचे आणि पुन्हा तसेच लोंबकळत परत यायचे. एवढा सारा दिवस ज्याच्या हाताखाली जातो, त्याने सकाळी आपल्या 'गुड मॉर्निंग'ला मान वर करून उत्तर दिले नाही, तर तो दिवस कडू होतो. संध्याकाळी तो कडूपणा डब्यासोबत घरी येतो. साहेबासमोर जे बोलता आले नाही ते बायकोला ऐकावे लागते आणि मुलाच्या गणिताच्या वहीवर राग निघतो. एका माणसाच्या कपाळावरची आठी अशी चाळीस-पन्नास किलोमीटर प्रवास करून आपल्या जेवणाच्या ताटापर्यंत येते. म्हणून या प्रश्नाकडे जरा विचारपूर्वक पाहावे, असे आम्हाला वाटते.

बायबलमध्ये या दुखण्याचे वर्णन फार नेमके आले आहे. उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात याकोब आपल्या मालकाकडे पाहतो आणि त्याच्या लक्षात येते, की लाबानाचा चेहरा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. लाबान हा त्याचा मामा, सासरा आणि मालकही. त्याआधी लाबानाची मुले आपापसांत कुजबुजत होती, की हा आमच्या बापाच्या जिवावर गबर झाला. मग मालकाचे तोंड बदलले. पदोन्नती झालेल्या माणसाविषयी कँटीनमध्ये चाललेली कुजबुज आणि त्यानंतर साहेबांच्या वागण्यात पडलेला फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

परंतु ही गोष्ट नीट मागून वाचली, तर एक विलक्षण बाब दिसते. याकोब प्रथम आला तेव्हा लाबान धावत पुढे गेला, त्याला मिठी मारली, मुके घेतले, तू माझ्या हाडामांसाचा आहेस असे म्हणाला. चेहरा इतका गोड! आणि त्याच गोड चेहऱ्याच्या माणसाने सात वर्षे राबवून घेऊन लग्नाच्या रात्री राहेलऐवजी लेआ त्याच्या पदरात बांधली. मग आणखी सात वर्षे, पुढे कळपासाठी सहा. या वीस वर्षांत लाबानाने आपली मजुरी दहा वेळा बदलली, असे याकोब सांगतो. म्हणजे अन्याय चालला होता तो साहेबांचा चेहरा हसरा असताना. उलट चेहरा उतरला त्यानंतरच दोघांमध्ये धड असा एकमेव करार झाला, त्याकडे आपण पुढे येऊ.

यावरून एवढे तरी कळावे, की साहेबाची मर्जी आणि साहेबाचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्जी असून न्याय नसू शकतो, आणि मर्जी नसून न्याय मिळू शकतो. आमच्या मते या प्रश्नाची सगळी किल्ली येथे आहे.

त्याआधी 'वाटते' या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. साहेबांना मी आवडत नाही असे मला *वाटते*. हे कशावरून? तेराव्या शतकातले आपले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनस यांनी संशयाचा विचार न्यायाच्या प्रकरणात केला आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्याविषयी मनात संशय धरणे हा केवळ स्वभावदोष नसून त्या माणसावर होणारा अन्याय असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. संशय कोठून येतो याची ते तीन कारणे देतात. एक, संशय घेणारा स्वतःच वाईट असतो आणि जगाला आपल्या मापाने मोजतो. दुसरे, ज्याच्याविषयी संशय येतो त्याच्यावर आपला आधीच राग, हेवा किंवा आकस असतो, मग लहानशी खूणही पुरावा वाटू लागते. तिसरे, दीर्घ अनुभव. म्हणून म्हातारी माणसे अधिक संशयी असतात. (आमच्या ज्येष्ठ धर्मग्रामस्थांनी रागावू नये, हे मूळ ॲरिस्टॉटलचे मत आहे.)

दुसरे कारण आपल्या कामाचे आहे. पुष्कळदा असे होते, की आधी आपल्याला साहेब आवडत नाही. तो वयाने लहान असतो, किंवा परप्रांतातून आलेला असतो, किंवा आपल्या ओळखीच्या माणसाच्या जागी बसलेला असतो. मनात अढी बसते. मग त्याने इतरांना हसून आणि आपल्याला न हसता फाइल दिली, की निकाल लागला. त्या दिवशी त्याला त्याच्या साहेबाने झापलेले असेल, त्याची आई इस्पितळात असेल, हे मनात येत नाही. आपण ख्रिस्ती आहोत म्हणूनच असे वागवतात, असेही पुष्कळदा कानावर येते. असे कधी कधी खरोखर घडते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दर वेळी तेच कारण पुढे केले, तर उशिरा येणे, अर्धवट काम, कामाच्या वेळी मोबाइल या आपल्या गोष्टी त्या कारणाच्या पदराआड सुखाने झोपी जातात.

मनात क्षणभर संशय येणे ही माणसाची दुर्बलता आहे, अक्विनस तिला फार मोठे पाप म्हणत नाहीत. तुटपुंज्या खुणांवरून दुसऱ्याचा वाईटपणा पक्का ठरवून टाकणे ही गोष्ट मात्र ते गंभीर मानतात. वाईट माणसाविषयी चांगले मत बाळगून अनेकदा फसलेले बरे, पण चांगल्या माणसाविषयी वाईट मत बाळगून क्वचितही चुकू नये, अशा आशयाचे ते लिहितात. हे ऐकायला भाबडे वाटेल. त्यामागचा तर्क भाबडा नाही. पहिल्या चुकीत आपले थोडे नुकसान होते, दुसऱ्या चुकीत आपण एका निरपराध माणसावर अन्याय करतो.

समजा, सगळी शहानिशा झाली आणि संशय खरा ठरला. साहेबांना मी खरोखरच आवडत नाही. आता पुढचा प्रश्न असा, की साहेबांनी मला आवडून घ्यावे असा माझा हक्क आहे काय?

आम्ही यावर जितका विचार केला तितके उत्तर 'नाही' असेच येते. आवड कोणाच्या हुकमतीत नसते. एखाद्याला कारले आवडत नाही, एखाद्याला विशिष्ट आवाज सहन होत नाही, एखाद्याला बडबड्या माणसांचा कंटाळा येतो. आपल्यालाही मिस्साला बाजूच्या बाकावर बसणारी सगळीच माणसे कोठे आवडतात? आवड ही देणे म्हणून कोणाकडून वसूल करता येत नाही. साहेबाकडून जे वसूल करता येते ते दुसरेच आहे: ठरलेली मजुरी, कामाचे प्रामाणिक मूल्यमापन, माणूस म्हणून मान, आजारपणात रजा, चूक झाल्यास ती नीट सांगितली जाणे. हे त्याने आपल्यावर केलेले उपकार नव्हेत, ते त्याच्यावर असलेले ऋण आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झरसेन्स' या परिपत्रकात कामगारांच्या हक्कांविषयी जे लिहिले, त्यात मालकाने कामगारावर खूश असावे अशी मागणी कोठेही नाही. मागणी न्यायाची आहे.

आपला घोटाळा असा होतो, की जे मागण्याचा हक्क आहे ते आपण मागत नाही आणि ज्याचा हक्क नाही त्यासाठी झुरतो. दोन वर्षे इन्क्रिमेंट अडकले तरी तोंड उघडत नाही, मात्र साहेबांनी मुलीच्या लग्नाला सगळ्यांच्या अगोदर हजेरी लावली नाही म्हणून आठवडाभर जेवण जात नाही. मग मर्जी मिळवण्यासाठी नाताळची मोठी केकची पेटी जाते, पुढे पुढे करणे येते, सहकाऱ्याच्या चुका साहेबांच्या कानावर घालणे येते. एवढे करून मिळालेली मर्जी लाबानाच्या मिठीसारखीच असते.

म्हणून साहेबाकडे जाऊन बोलायचे असेल, तर कोणता प्रश्न घेऊन जावे याचा विचार व्हावा. "सर, तुम्ही माझ्यावर नाराज का आहात?" हा प्रश्न आवडीविषयीचा आहे. त्याचे खरे उत्तर कोणताही साहेब देणार नाही. तो म्हणेल, "छे छे, तसे काही नाही," आणि पुढे आपल्याला अधिकच टाळील. "सर, माझ्या कामात कोठे कमी पडते, पुढच्या सहा महिन्यांत तुम्हाला माझ्याकडून काय हवे?" हा प्रश्न न्यायाचा आहे. त्याला उत्तर देणे हे साहेबाचे कर्तव्यच आहे. ते उत्तर ऐकताना आपल्या कानाला लागले, तर तेही सोसावे लागेल. कदाचित त्याला आपण आवडत नाही असे जे वाटत होते ते आपल्या कामाविषयीचे खरे मत निघेल, आणि काम सुधारता येते.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. साहेबाचे आपल्याविषयीचे मत पूर्वी गोपनीय अहवालात, म्हणजे आपण ज्याला 'सीआर' म्हणतो त्यात, बंद राहत असे आणि फक्त वाईट शेरेच कळवण्याची पद्धत होती. २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की लष्कर वगळता शासकीय सेवेत प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. त्या गृहस्थांना मिळालेला शेरा काही वाईट नव्हता, 'चांगला' असाच होता. पण पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागत होता आणि त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. न्यायालयाने साहेबाच्या मनातली आवडनिवड बदलली नाही, तेवढी ताकद कोणत्याही न्यायालयात नाही. मनातले मत कागदावर उतरले, की तो कागद मात्र दाखवावा लागेल असे ठरवले. खासगी कंपन्यांना हा निकाल जसाच्या तसा लागू नाही, पण तेथेही लेखी विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मागणे काही गुन्हा नव्हे.

येथे कोणी भाविक माणूस संत पेत्राच्या पहिल्या पत्राचा दाखला देईल. तेथे चाकरांना सांगितले आहे, की केवळ भल्या धन्याच्याच नव्हे, तर कठोर धन्याच्याही अधीन राहा. हे वचन दाखवून अनेकांना गप्प बसवले गेले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. संत पेत्र ज्यांना लिहीत होते ते गुलाम होते. त्यांना नोकरी बदलता येत नव्हती, संघटना नव्हती, कोर्टात जाण्याची वाट नव्हती. ज्याच्यापुढे कोणतीच वाट उरलेली नाही त्याला विनाकारण सोसावे लागणाऱ्या दुःखातही ख्रिस्ताची सोबत आहे, हा त्या शब्दांचा दिलासा आहे. वाट असताना ती बंद करण्याची ती आज्ञा नव्हे. स्वतः संत पौलाने फिलिप्पै येथे बेकायदा फटके बसल्यावर अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देऊ केले, तेव्हा तो निमूटपणे निघून गेला नाही. आपण रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने बजावले.

तेव्हा पगार अडवणे, चारचौघांत आईबापांवरून शिव्या, खोट्या कागदांवर सही करण्याची सक्ती, याला 'साहेबांना मी आवडत नाही' असे मवाळ नाव देऊ नये. आमच्या मुलींना विशेष सांगणे, की साहेबाचे नको तितके जवळ येणे आणि त्याला नकार दिल्यावर सुरू झालेला त्रास हा तर मर्जीचा प्रश्नच नव्हे. त्यासाठी २०१३ सालचा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी करावी लागते आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. घरच्यांनी "लोक काय म्हणतील" असे म्हणून ते तीन महिने वाया घालवू नयेत.

आता याकोबाकडे परत जाऊ. मालकाचा चेहरा बदललेला पाहून त्याने काय केले? भांडण केले नाही आणि लाळघोटेपणाही केला नाही. त्याने राहेल आणि लेआ यांना शेतात बोलावून घेतले आणि सगळे मोकळेपणाने सांगितले. आमच्या पुरुषमंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे. तो घरी येऊन बायकांवर डाफरला नाही, त्यांच्याशी बोलला आणि त्यांचा सल्ला घेऊन निघाला. लाबान पाठलाग करत आला तेव्हा मात्र त्याने वीस वर्षांचा हिशेब तोंडावर मांडला: दिवसा उन्हाने भाजलो, रात्री थंडीने काकडलो, जनावराने फाडलेली मेंढी माझ्या खात्यातून भरून दिली. याकोब स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बापाला फसवून तो घरातून पळाला होता आणि लाबानाच्या नकळत निघणेही काही शौर्याचे नव्हते. तरी त्याचा हिशेब खरा होता आणि तो त्याने मांडला.

आणि मग तो करार. दगडांची रास रचली, दोघांनी तेथे जेवण घेतले आणि ठरवले, की वाईट हेतूने तू ही रास ओलांडून माझ्याकडे यायचे नाही आणि मी तुझ्याकडे. सकाळी उठून लाबानाने नातवंडांचे मुके घेतले आणि तो आपल्या वाटेने गेला. दोघांचे प्रेम जुळले असे तेथे लिहिलेले नाही. दोघांमध्ये मर्यादा ठरली, तेवढे पुरले.

निघून जाणे सर्वांना शक्य नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. घराचे हप्ते असतात. आखाती देशात असलेल्या आपल्या माणसांचा तर व्हिसाच मालकाशी बांधलेला असतो. अशांनी दगडांची रास मनात रचावी लागते. कामाचे तास साहेबाचे, कामातला प्रामाणिकपणा देवाला दिलेला, आणि स्टेशनवर उतरल्यापासूनची संध्याकाळ घरच्यांची. साहेबाचा चेहरा त्या राशीच्या पलीकडे ठेवायचा. हे एका दिवसात जमत नाही. वसई रोडला उतरून घरी पोहोचेपर्यंत रोझरीचा एक दशक म्हणणे हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे.

प्रभू येशूने शत्रूवर प्रीती करा असे सांगितले, तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असे सांगितले नाही. प्रीती म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, ते इच्छेच्या हातात आहे. लिजोच्या संत तेरेजाच्या मठात एक भगिनी होती, जिची प्रत्येक सवय तिला नकोशी वाटे. तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची कामे करी, रागाचे उत्तर ओठावर आले की हसे. शेवटी त्या भगिनीनेच विचारले, की माझ्यात तुला एवढे काय आवडते? आत आवड उपजली असे तेरेजा कोठेही म्हणत नाही.

क्रुसाचे संत योहान १५९१ साली तापाने आणि पायाच्या जखमेने आजारी पडले. उपचारासाठी जेथे स्नेही होते त्या बाएझाला जाता आले असते, त्यांनी जेथे फारसे कोणी ओळखत नव्हते ते उबेदा निवडले. तेथल्या मठाच्या प्रमुखाला त्यांनी पूर्वी एकदा अधिकारी या नात्याने खडसावले होते आणि त्याने ते मनात ठेवले होते. त्याने आजारी माणसाच्या खर्चावरून कुरकुर केली, भेटायला येणाऱ्यांना अडवले. योहानांनी तक्रार केली नाही. पण त्यांची शुश्रूषा करणारा बंधू गप्प बसला नाही, खबर प्रांताधिकाऱ्यांपर्यंत गेली, ते स्वतः आले आणि त्यांनी व्यवस्था बदलली. मरण्यापूर्वी योहानांनी त्या प्रमुखाला बोलावून आपल्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली, तेव्हा तो रडत खोलीबाहेर पडला. डिसेंबरच्या १४ तारखेला योहान गेले.

या कथेत आपण नेहमी संताकडेच पाहतो. आम्हाला तो शुश्रूषा करणारा बंधूही मोलाचा वाटतो. ऑफिसात ज्याच्यावर साहेबाची खप्पा मर्जी आहे त्याच्यासोबत डबा खायला बसणे इतर जण टाळतात. त्याच्या शेजारी जाऊन बसणारा आपल्या धर्मग्रामातला कोणी असावा.

आणखी एक. आपणही कोणाचे तरी साहेब असतो. घरी धुणीभांडी करणारी बाई असते, वाडीत कामाला येणारी आदिवासी कुटुंबे असतात, दुकानात पोऱ्या असतो. चर्चच्या सेक्रिस्टनलाही एक साहेब आहे, तो म्हणजे आम्ही. ही माणसे संध्याकाळी आपल्या घरी जाऊन आपल्या चेहऱ्याविषयी काय सांगत असतील?

ज्यांचे दुखणे नुसत्या चेहऱ्याच्या पुढे गेले आहे, पगार, बदली, छळ असे काही आहे, त्यांनी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात आम्हाला भेटावे. शेजारी वडीलधारी माणसे बसलेली नसतील. येताना कोणत्या तारखेला काय घडले ते लिहिलेली वही आणि असतील ती पत्रे सोबत आणावीत.